लव्ह मॅरेज, पण आडनाव जुळलं

"अगं, कळलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या धाकटीचं जमलं."

काकू भिंतीशी पोचायच्या आधी त्यांची बातमी पोचते. हातात कढीपत्त्याची डहाळी असते, पण ती निमित्ताला. मी दोरीवरचे कपडे तसेच ठेवून पुढे झाले.

"कुणाशी?"

"ऑफिसातला आहे. लव्ह मॅरेज!" 'लव्ह'वर त्यांनी असा जोर दिला की समोरच्या गॅलरीतल्या आजोबांनी पेपर खाली केला. "आणि योग बघ कसा. मुलगा निघाला त्यांच्यातलाच, पोटजातीसकट. पत्रिका बघितली तर अठ्ठावीस गुण. आईला रडूच आलं आनंदानं."

"म्हणजे 'मुंबई-पुणे-मुंबई'च झालं की."

"त्याचा काय संबंध?"

"असं कसं काकू. तुम्हीच तर तो तीनदा बघितलाय. २०१० चा, सतीश राजवाड्यांचा. मुक्ता बर्वे मुंबईहून पुण्याला स्थळ नाकारायला येते, स्वप्नील जोशी तिला दिवसभर शहर दाखवत हिंडवतो. अख्खा पिक्चर दोघं भांडतात, बोलतात, चालतात, पण एकमेकांना नाव सांगत नाहीत. मला काय आवडला होता सांगू तो! म्हटलं, वा, नावच नाही तर आडनाव कुठलं? कुणीही असू दे बिचारे. मग २०१५ साली दुसरा भाग आला. लग्नाची बोलणी निघाली म्हणजे नावं सांगणं भागच होतं. निघाले कोण? गौतम प्रधान आणि गौरी देशपांडे."

काकू हसल्या. "मग काय वाईट आडनावं आहेत?"

"वाईट कशाला असतील? पण मी पाच वर्षं त्या दोघांना कुणीही समजून चालले होते. एकाचं कांबळे निघालं असतं तर?"

"म्हणजे तुझं माहेरचं?"

"हो, माझं माहेरचं."

काकूंनी डहाळीची दोन पानं तोडली. "मग तो वेगळाच सिनेमा झाला असता गं."

"बघा! हे तुम्हीच म्हणालात हं, मी नाही."

"अगं पण मी वाईट अर्थानं नाही म्हटलं…"

"मला ठाऊक आहे. म्हणून तर सांगतेय. आडनाव बदललं की आपल्या डोक्यात लगेच पिक्चरच बदलतो. हसायचा होता तो रडायचा होतो. तुमच्या माझ्या, दोघींच्याही डोक्यात."

"तू सिनेमात आडनावं बघत बसतेस? मी तर कधी लक्षसुद्धा देत नाही."

"तुम्हाला द्यावं लागत नाही काकू."

हे जरा टोचलं असावं. त्यांनी लगेच दगडूला पुढे केलं. "'टाइमपास'मध्ये होता की तो दगडू! कुठे ती लेल्यांची प्राजक्ता आणि कुठे तो दहावी नापास पेपरवाला. मी हसून हसून मेले होते."

'टाइमपास' २०१४ चा, रवी जाधवांचा, आणि खरंच धमाल आहे. वैभव मांगल्यांच्या त्या कडक बापाची तर आमच्या घरात अजून नक्कल होते. पण तिथे अडतं कशावर? शिक्षणावर, भाषेवर, पैशावर. परब आणि लेले. दगडूनं शिकून नाव काढलं की भिंत पार करता येण्याजोगी आहे. तरीसुद्धा पहिल्या भागात नाहीच जमलं, शेवट गोड व्हायला दुसरा भाग काढावा लागला. मी काकूंना म्हटलं, ज्या भिंतीवरून उडी मारता येते तिच्यावर विनोद होतो. जिच्यावर काचा लावलेल्या असतात, तिथे आपले लेखक एकदम गंभीर होतात.

"आता तू 'सैराट' काढणार," काकू म्हणाल्या.

काढणारच. माझं माहेर करमाळ्याकडचं. नागराज मंजुळे आमच्या त्याच तालुक्यातल्या जेऊरचे. २९ एप्रिल २०१६ ला पिक्चर लागला आणि मी थिएटरात पहिली अर्धी फिल्म नुसती दात काढत बसले होते. लोक 'सैराट'चा शेवट आठवतात, मला ती अर्धी फिल्म आठवते. तिच्यासारखी रोमँटिक कॉमेडी मराठीत दुसरी दाखवा मला. पोरगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात पोराकडे टक लावून तीच बघते आणि त्यानं मान खाली घालायची. तिचा मामा, काका, भाऊ कुणी असो, तिच्या जिभेपुढं कुणाचं चालत नाही. आणि ती जीभ माझी! पुण्यात आल्यावर जी बोली मी कपाटात घडी करून ठेवली होती, ती बोली पडद्यावर हिरॉईनच्या तोंडी. तोवर ती घरगड्याची, नाहीतर पाटलाच्या उनाड पोराची. वऱ्हाडी आली की हसा, मालवणी आली की हसा, प्रेमाचं बोलायची वेळ आली की सगळ्यांनी सदाशिव पेठेतून बोलायचं.

"आणि ते मित्र," मी म्हटलं. "सल्या मुसलमान, लंगड्या बनसोडे. त्यावर भाषण नाही, काही नाही. तालुक्याच्या गावाला पोरांची टोळी अशीच असते. फक्त एक गोष्ट खटकली मला तेव्हाही. लंगड्यालाही एक मुलगी आवडते. पण त्याचं प्रेम आपल्याला दोन मिनिटं हसण्यापुरतं. पायानं अधू माणूस हिरोचा दोस्त होणार, हिरो नाही. मंजुळ्यांच्याही पिक्चरमध्ये नाही."

"आणि पुढे काय झालं ते नको सांगूस बाई. मी तो शेवटचा प्रसंग डोळे मिटून काढला."

"तेच ना. अर्धा पिक्चर कॉमेडी आणि मग वाट बंद. मंजुळ्यांना दोष नाही देत मी. त्यांनी मुद्दामच तसं केलं, आधी हिंदी सिनेमासारखी गाणी, स्लो मोशन, सगळं स्वप्न दाखवलं आणि मग आपल्याला आपल्याच देशात आणून सोडलं. खोटं काय होतं त्यात? पण लोकांनी काय केलं? झिंगाट तेवढं ठेवून घेतलं."

काकू गप्प. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या नातवाच्या मुंजीत वाजलं होतं."

"मुंजीत?"

"डीजेवाला लावतो गं, आपण काय सांगणार."

आम्ही दोघी भिंतीला टेकून इतक्या हसलो की समोरचे आजोबा आत निघून गेले.

हिंदीवाल्यांनी तर आणखी सोपं केलं. २०१८ ला 'धडक' काढला, गाव उचलून उदयपूरला नेलं, जात अशी पुसट केली की शेवटी त्या पोराला का मारलं तेच धड कळेना. पुढे २०२५ मध्ये 'धडक २' आला, तो मात्र तमिळ 'परियेरुम पेरुमल'वरून घेतलेला. त्यात जात सरळ नाव घेऊन आहे, दिग्दर्शक शाझिया इक्बालनं डोळे चोरलेले नाहीत. पण हसू आहे का त्यात? नाव प्रेमाचं आणि आत मारहाण.

"मग 'बॉबी'चं काय?" काकूंनी हुकमाचं पान काढलं. १९७३ साली त्या कॉलेजात होत्या, घरी न सांगता गेल्या होत्या, आणि हे त्या दर पावसाळ्यात एकदा तरी सांगतात. "ती ख्रिश्चन, तो हिंदू. ती गरीब, तो श्रीमंत. आणि शेवट गोड! दोन्ही बाप पाण्यात उड्या मारतात."

"मान्य. पण त्या ब्रगांझाच्या हातात बाटली का हो सारखी?"

"ते… गोव्याचे कोळी दाखवलेत ना."

"बघा की. ख्रिश्चन म्हटलं की बाप पिणार आणि पोरगी आखूड घालणार. त्या मानानं बासू चटर्जींनी किती सरळ केलं होतं! 'बातों बातों में', १९७९. आपले अमोल पालेकर टोनी ब्रगांझा, टीना मुनीम नॅन्सी परेरा. वांद्र्याहून चर्चगेटला जाणारी लोकल, तो तिचं चित्र काढतो, ती चिडते. सगळी माणसं ख्रिश्चन, पण अडचण कसली? मुलगा लग्नाचं मनावर घेईना आणि मुलीच्या आईला घाई! कुणाच्याही घरात असते ती. पर्ल पदमसी ती आई अशी करतात की मला माझी मावशी दिसते. गंमत म्हणजे त्यातलं कुणी आपण ख्रिश्चन आहोत म्हणून दुःखी नाही. नुसते लोकलला लटकणारे लोक. मला एवढंच हवंय काकू. माणसानं आपलं आडनाव घेऊन लोकलला लटकावं आणि प्रेमात पडून फजिती करून घ्यावी."

"टीना मुनीम काय गोड दिसते त्यात."

"गोरी आहे ना."

"हे मात्र तू…"

"नाही, सांगतेच. काळी हिरॉईन हवी तर आपण काय करतो? गोरी घेतो आणि रंगवतो. 'बाला' बघितलात ना, २०१९ चा? त्यात हिरोला टक्कल पडतंय याचं सगळ्या जगाला दुःख. भूमी पेडणेकर काळी, तिनं त्याला शहाणपण शिकवायचं. तेही मेकअपचा काळा थापून. तेव्हा किती बोलले लोक त्यावर. काळ्या मुली काय संपल्या होत्या का देशात? आमच्या गावाकडून ट्रक भरून पाठवल्या असत्या."

भूमी पेडणेकरवर माझा राग नाही. 'दम लगा के हैशा'त, २०१५ च्या, तिनं जी संध्या केली तशी जाड पोरगी मी हिंदीत दुसरी पाहिली नाही. शिकलेली, नवऱ्याला ऐकवणारी, स्वतःची लाज न बाळगणारी. पण तिनंही वजन वाढवलं होतं त्या भूमिकेसाठी, आणि नंतर उतरवलं. आपल्याकडे 'वजनदार'मध्ये सई ताम्हणकर आणि प्रिया बापटनं तेच केलं, पुढच्याच वर्षी. म्हणजे जाड बाईचा पिक्चर हवा, जाड बाई नको. काकूंना हे पटलं, कारण त्यांच्या गुडघ्यांचे डॉक्टर त्यांना दर खेपेला तेच सुनावतात.

"आणि आम्ही?" काकू एकदम म्हणाल्या. "तुझं ते आडनाव, रंग सगळं खरं. पण आमच्या वयाच्या बाईचं काय? आम्हाला पिक्चरमध्ये आणतात ते आशीर्वाद द्यायला. नाहीतर हार घातलेल्या फोटोत."

"'बधाई हो' होता की."

"तो बरा होता. नीना गुप्तानं काय काम केलंय. पण बघ ना, नवरा-बायकोचंच प्रेम, लग्नाचंच, तरी मुलांना तोंड लपवायची वेळ. आणि ती तरी कुठे माझ्या वयाची? सासू माझ्या वयाची. तिला नवरा नाहीच." काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मीही पुढे काही विचारलं नाही.

मग विषय बदलायला म्हणून त्यांनीच विचारलं, "ते 'साबर बोंडं' तू पाहिलंस म्हणे. ते दोन मुलग्यांचं?"

पाहिलं. रोहन कानवडेंचं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सनडान्सला त्याला परदेशी चित्रपटांतलं मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं, तिथवर पोचलेला तो पहिला मराठी पिक्चर. मुंबईत राहणारा आनंद वडील वारले म्हणून गावी जातो, सुतकाचे दहा दिवस काढायचे. तिथे बालपणीचा दोस्त बाळ्या, शेळ्या राखणारा, त्याच्याही मागे घरच्यांचा लग्नाचा धोशा. कॉमेडी नाही म्हणणार मी त्याला. पण सुतकात भेटायला आलेली प्रत्येक मावशी, आत्या आनंदला 'लग्न कधी' विचारते तेव्हा थिएटरात खुसखुस होते. बाप गेलेला, आणि यांना स्थळाची पडलेली! आणि आई सगळं जाणून आहे. बोंब नाही, मारझोड नाही, निवडुंगाची फळं सोलून खातात दोघं. हिंदीतलं 'बधाई दो' घ्या, २०२२ चं. पोलीस आणि पीटीची बाई घरच्यांच्या जाचातून सुटायला एकमेकांशी लग्न लावतात, मग तिची मैत्रीण घरात राहायला येते. ती अरुणाचलची चुम दरांग. तिच्या नाकाडोळ्यांवर एक बावळट विनोद नाही. ते मात्र मनापासून हसवतं.

"मला थोडं अवघड जातं गं ते बघायला," काकू म्हणाल्या. "पण त्या आईचं बरं वाटलं ऐकून."

मी म्हटलं, अवघड जाऊ दे, बघा. पण खरा मुद्दा राहिलाच. हे सगळे पिक्चर चांगले आहेत. त्यांना बक्षिसं मिळतात, परदेशात उभं राहून टाळ्या मिळतात, आपण डोळे पुसत घरी येतो. आमच्या वाट्याला पुरस्कार आणि तुमच्या वाट्याला पॉपकॉर्न, असा हिशेब झालाय. मला पॉपकॉर्न हवंय.

"म्हणजे काय हवंय नक्की?"

"माझं लग्न आठवा की. आंतरजातीय. तलवार कुणी काढली का? नाही. माझ्या बापानं तोंड पाडलं, सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी भिंतीकडे बघून बोलायच्या. वाईट होतं ते, नाही असं नाही. पण विनोदी किती होतं! आम्ही भाड्यानं घर शोधत होतो. घरमालक आधी विचारायचे, नॉनव्हेज करता का? मग दोघांची नावं पूर्ण लिहून मागायचे. मग म्हणायचे, खोलीला रंग द्यायचाय, महिनाभरानं बघू. पुण्यातल्या इतक्या खोल्यांना रंग लागत होता त्या वर्षी, की रंगवाले मालामाल झाले असतील. 'अशी ही बनवाबनवी'त १९८८ साली खोली मिळावी म्हणून लक्ष्या आणि सचिन साडी नेसले. आडनाव झाकायला मी कुठली साडी नेसणार होते? सरकार आंतरजातीय लग्नाला पन्नास हजार रुपये देतं, आणि घरमालक दहा बाय दहाची खोली देत नाही. यावर पिक्चर होणार नाही?"

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आणि ती सुकट?"

"ती तर इंटरव्हलनंतर! सासूबाईंच्या घरात अंडं चालत नाही. मामंजी मला म्हणाले, सूनबाई, वास सोसवत नाही, करायचं तर वरच्या गच्चीत कर. मी केली. दुसऱ्या वेळी विचारायला आले, पाणी वगैरे आहे ना गच्चीत? तिसऱ्या वेळी भाकरी घेऊनच आले. सासूबाईंना कळू द्यायचं नाही म्हणून वर बडीशेप चावायची. आमच्या घरात जात गेली नाही काकू, अजून बसलीय कोपऱ्यात. पण तिची फजिती होताना मी रोज बघितलीय. हे कुणी दाखवत का नाही? दलित पोरगी म्हटली की एकतर ती मरते, नाहीतर ती शेवटी कलेक्टर होते. भाकरी थापताना नवऱ्याशी भांडत नाही."

"कुणी केलंच नाही म्हणतेस?"

"एकानं केलंय. 'आत्मपॅम्फ्लेट', २०२३. आशिष बेंडेंचा, लिहिलाय परेश मोकाशींनी. शाळकरी दलित पोरगा वर्गातल्या वरच्या जातीतल्या मुलीवर मरतो. एकतर्फी, वर्षानुवर्षं. आणि त्याच्या प्रेमाच्या आड सारखा देशाचा इतिहास येतो, आठवणीतले सगळे मोर्चे आणि दंगली. सगळं हसत हसत. पोरगा मरत नाही, कुढत नाही, त्याची टोळी सगळ्या जातीधर्मांची. बर्लिनला दाखवला, बेंडेंना पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. घ्या, पुन्हा पुरस्कारच! आपल्या गल्लीत माझ्याशिवाय कुणी पाहिलाय?"

"मी पाहीन. लाव तू मला मोबाइलवर." मग थोडं थांबून, "त्या बेंड्यांची स्वतःचीच गोष्ट का ती?"

"बरीचशी."

"मग तू लिही की तुझी. गच्ची, सुकट, रंग लागणाऱ्या खोल्या. मला पहिल्या रांगेतलं तिकीट दे."

"लिहिते. तुम्हाला काम पण देते."

"आशीर्वादाचं नको हं!" काकूंनी डहाळी माझ्याकडे रोखली. "मला एक प्रकरण दे. चांगलं, गाण्यासकट. शेजारी कुणी रिटायर्ड माणूस राहायला येतो, असं काहीतरी."

"आडनाव काय ठेवू त्याचं?"

"तू ठरव. मी काही विचारणार नाही." त्या घराकडे वळल्या आणि दोन पावलांवरून परत आल्या. "फक्त मासे खाणारा नको गं. तो वास मला खरंच सहन होत नाही."

"मग तर पहिला सीन तयारच झाला," मी म्हटलं.